समुद्र उजव्या हाताला

सोलापूर

बेत अंबादासचा होता, आणि तो इतका सोपा होता की त्यात चुकण्यासारखं काही आहे असं मला सुचलंच नाही.

"सिलोन म्हणजे बेट हाय की," तो म्हणाला. "बोटीतून उतरायचं, सायकलीवर बसायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवायचा. फिरत फिरत जिथनं निघालो तिथंच परत येतो. चुकतोय कशाला?"

अंबादास म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. तेलुगू विणकरांचं घर, पूर्व भागात राहायचं, आणि अक्कलकोट रोडला त्याच्या वडिलांचे चार यंत्रमाग. आम्ही लिंगायत, चाटी गल्लीत कापडाचं दुकान. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि अंबादासच्या घरी जाऊन जाऊन कानावर पडलेली मोडकी तेलुगू, एवढी माझी भाषांची शिदोरी. आदल्या वर्षीपर्यंत दुष्काळ होता. वीजकपातीमुळे माग आठवड्यातले निम्मे दिवस बंद, दुकानात गिऱ्हाईक नाही. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही सायकली काढून तुळजापूरचा घाट चढून यायचो, अक्कलकोटला जाऊन यायचो. पाऊस एकदाचा पडला, माग सुरू झाले, आणि येत्या उन्हाळ्यात अंबादासचं लग्न करायचं ठरलं. त्याच्याआधी एकदा लांब जाऊ, असं तो म्हणाला. लांब म्हणजे मला वाटलं बदामी, फार तर हंपी.

"परदेश," तो म्हणाला.

सिलोनचं नाव तेव्हा नुकतंच बदलून श्रीलंका झालं होतं. आम्ही मात्र सिलोनच म्हणायचो. नकाशा म्हणून माझ्या धाकट्या भावाच्या शाळेचं भूगोलाचं पुस्तक होतं. त्यात हिंदुस्थानच्या खाली आंब्याच्या कोयीएवढं सिलोन. अंबादासने मागावरचं सूत आणलं, ओलं करून त्या कोयीच्या कडेकडेने बसवलं, मग सरळ करून खालच्या मोजपट्टीवर धरलं. "येतंय," म्हणाला. किती दिवसांत काय येतंय ते मी विचारलं नाही. सूत धरलेल्या माणसाचा चेहरा इतका खात्रीचा होता.

भाषेचं काय, हा प्रश्न त्याच्या नायनांनी काढला. नायना म्हणजे त्याचे वडील. अंबादासने उत्तर दिलं की तिथे तमिळ बोलतात, तेलुगू आणि कन्नड या तमिळच्या बहिणी आहेत, आम्हा दोघांत मिळून दोन बहिणी आहेत, तेव्हा तिसरी ओळखीचीच निघणार. नायना म्हणाले, "सिंहली?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती भाषाही तिथे असते हे तोवर आमच्या हिशेबात नव्हतं.

आमच्या अम्माने मात्र एकच विचारलं, "खाणार काय?" आणि उत्तराची वाट न पाहता कडक भाकऱ्यांचा थप्पा आणि शेंगाचटणीचा डबा बांधून दिला. नायनांनी दोन नव्या चादरी दिल्या, कुणाकडे मुक्काम केलात तर रिकाम्या हाताने निघू नका म्हणून. पासपोर्ट मिळवताना जो वेळ गेला तो सांगत बसत नाही. जानेवारीत आम्ही निघालो, रामेश्वरला बोट धरली.

तलैमन्नार

बोटीवरून उतरलो तेव्हा समुद्र खरोखर उजव्या हाताला होता. डाव्या हातालाही होता. ते गाव समुद्रात घुसलेल्या एका वाळूच्या जिभेवर आहे, त्यामुळे दोन्हीकडे पाणी. अंबादास म्हणाला, "पुढं एक कमी होईल."

पुढे दोन्ही कमी झाले. मन्नारचा पूल ओलांडला आणि रस्ता सरळ आत वळला, झाडीत. किनाऱ्याने जाणारा रस्ता कुठे आहे हे विचारायला माणूस दिसेना. दिसला तो चहाच्या टपरीवाला. मी त्याला कन्नडमध्ये "नीरु" म्हटलं तर त्याने पाणी दिलं आणि मला फार आनंद झाला. मग "हालु" म्हणून दूध मागितलं. त्याने बराच विचार करून मला शेजारच्या न्हाव्याकडे नेलं. तो मला काय समजला, ते अजून कळलेलं नाही. तिसरी बहीण आमची एवढीच ओळख देत होती.

खाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. हॉटेलात भात मागितला तर मालकाने हात हलवला. आठवड्यातले काही दिवस हॉटेलांत भात वाढायलाच बंदी आहे, असं एका इंग्रजी येणाऱ्या गिऱ्हाइकाने सांगितलं. पावाच्या दुकानापुढे रांग. आम्ही सोलापूरकर, दुष्काळात मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीच्या रांगेत उभे राहिलेलो. रांगेचं मला काही वाटलं नाही. गोंधळ उडाला तो वेगळ्या कारणाने. आमच्याकडे धान्य नव्हतं तेव्हा जमीनही भेगाळलेली होती, बाभळीसुद्धा करड्या पडल्या होत्या. उपाशी प्रदेश उपाशी दिसायचा. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं गच्च, डबक्यांत कमळं, आणि पावाला रांग. डोळे एक सांगत होते, पोट दुसरंच.

पावाबरोबर खोबऱ्याची लाल चटणी मिळाली. फार चवदार. मी दोनदा मागून घेतली. अंबादास खात खात माझ्याकडे बघत होता.

"काय बे?" मी विचारलं.

"काय न्हाय. खा."

संध्याकाळी त्याने सांगितलं की त्या चटणीत सुकी मासळी कुटून घालतात. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून बसून राहिलो. ओकावं की नाही ते ठरेना. शेवटी त्याला म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"तू इतका खूश होतास," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एका बसच्या कंडक्टरने आम्हाला रस्त्यात अडवलं, सोंडेची खूण करून दाखवली आणि आमच्या सायकली जबरदस्तीने टपावर चढवल्या. पुढच्या जंगलात हत्ती होते म्हणे. आम्हाला एकही दिसला नाही. अनुराधपूरला उतरलो तेव्हा पुस्तकातल्या कोयीच्या कडेला असण्याऐवजी आम्ही तिच्या मधोमध होतो.

अनुराधपूर ते पोलोन्नरुवा

अनुराधपुरात पांढरे कपडे घातलेल्या यात्रेकरूंची गर्दी होती. मोठमोठे स्तूप, एखादी टेकडी बांधून काढावी तसे. भाषा आता पूर्ण सिंहली, म्हणजे आमच्या दोन्ही बहिणी घरी बसल्या. पण अंबादासच्या लक्षात आलं की यांच्या बोलण्यात संस्कृत शब्द येतात. बाजारात, दुकानात, कुठे ना कुठे एखादा ओळखीचा शब्द ऐकू यायचा. म्हणून त्याने देवळाबाहेर बसलेल्या, चष्मा लावलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला हात जोडले आणि एकच शब्द विचारला.

"समुद्र?"

गृहस्थांचा चेहरा उजळला. "समुद्रय!" ते म्हणाले. आणि मग उठून, रस्त्यापर्यंत चालत येऊन, त्यांनी दिशा दाखवली. शेजारून जाणाऱ्या आणखी दोघांना विचारून खात्री करून घेतली. तेही तिकडेच बोट दाखवत होते. इतक्या प्रेमाने आम्हाला कुणी रस्ता दाखवला नव्हता.

आम्ही निघालो. पहिल्याच संध्याकाळी मला चैन पडेना. मावळता सूर्य आमच्या पाठीवर होता.

"अंब्या, सूर्य मागं हाय."

"मग?"

"आपल्याला पश्चिमेचा समुद्र पाहिजे. सूर्य समोर पाहिजे."

त्याने पायडल मारणं थांबवलं नाही. "बेट हाय बे," म्हणाला. "समुद्र सगळीकडं हाय. कुठलाही चालतो की."

मी त्याच्यामागून पायडल मारत राहिलो. 

पोहोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. रस्ता एका लांब बांधावर चढला आणि समोर पाणी. पाणी म्हणजे केवढं? पलीकडचा काठ दिसत नव्हता, दिसत होती ती निळसर डोंगरांची रेघ, तीही ढग असावेत अशी. वाऱ्याने लाटा येऊन दगडांवर आपटत होत्या. काळे पक्षी पंख पसरून वाळवत बसले होते. अंबादासने सायकल तशीच आडवी टाकली, पायऱ्यांवरून धावत खाली गेला, दोन्ही हातांत पाणी घेऊन तोंडावर मारलं. मग थांबला. जीभ ओठांवरून फिरवली. पुन्हा ओंजळ भरून प्यायला.

"मल्लू," तो वर बघून म्हणाला, "गोड हाय बे हे."

मीही उतरून प्यायलो. गोडच होतं. बांधावर एक माणूस बैल धुवायला आला होता. त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलून, आणि नंतर तिथल्या विश्रामगृहाच्या इंग्रजी बोलणाऱ्या खानसाम्याकडून, उलगडा झाला. हा तलाव होता. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका राजाने बांधलेला. आणि त्या तलावाचं नावच समुद्र. आम्ही समुद्र विचारला, लोकांनी समुद्र दाखवला.

मला वाटलं आता अंबादास हसेल, किंवा चिडेल. तो पायरीवर बसून राहिला. आदल्या वर्षी आमच्याकडे हिप्परग्याच्या तळ्यात तळाचा चिखल फुटून फरश्यांसारखा झाला होता. पूर्व भागात टँकर आला की बायका घागरी टाकून धावायच्या. अंबादासच्या अम्माचा त्यात हात मोडला होता.  अंधार पडायच्या आधी त्याने फक्त विचारलं, "एकाच माणसानं बांधला म्हणतेत?" मी म्हटलं, "एकाच राजानं." तो म्हणाला, "तेच."

खानसाम्याने सांगितलं की खरा समुद्र कुठल्याही बाजूला गाठायचा तर बरंच अंतर आहे, त्यापेक्षा डोंगरातून कँडीला जा, तिथून आगगाडी मिळेल. डोंगर आमच्या बेतात नव्हता. पण बेतात काय होतं ते आता आम्हालाही नीट सांगता आलं नसतं.

मातलेच्या वर

आमच्या सायकली म्हणजे दुधाचे कॅन नेतात तसल्या, भक्कम आणि जड. तुळजापूरच्या घाटावर त्यांनी आम्हाला दगा दिला नव्हता. पण तो घाट म्हणजे इथल्या एका वळणाएवढा. आम्ही चढावर सायकली ढकलत होतो, वरून पाऊस. जानेवारीत पाऊस का पडतोय हे विचारायला कुणी नव्हतं, आणि आपल्या पाठीवर परक्या देशाचा पाऊस पडतोय, तर त्याचा राग मानावा की आनंद, हेही समजत नव्हतं. मातले गावाच्या पुढे कुणीतरी दाखवलेल्या आडरस्त्याला लागलो. आजूबाजूला चहाचे मळे, कात्रीने कापून बसवल्यासारखे.

एका उतारावर माझा ब्रेक लागेना. पावसाने रबरं गुळगुळीत झाली होती. मी ओरडलो आणि गटारात गेलो. गुडघा फुटला. अंबादास मागून आला, मला उठवलं, माझ्या सायकलीचं वाकडं झालेलं चाक बघितलं, आणि सगळ्या प्रवासाचा राग त्या सायकलीवर काढला. राग आला की तो तेलुगूत जातो.

"एमैंदे नीकु!" म्हणजे, काय झालंय गं तुला!

रस्त्याच्या वर मजुरांच्या खोल्यांची एक लांबच लांब ओळ होती, एका पत्र्याखाली. त्यातल्या एका दारातून आवाज आला.

"अलसिपोयिंदि."

दमलीय ती. तेलुगूत. अंबादास वळला तो असा की मला वाटलं तोही पडतोय. दारात एक म्हातारी उभी होती, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली, आणि आमच्याइतकीच चकित.

तिचं नाव नरसम्मा. माणसं तमिळ मुलखातून आली तशी थोडी तेलुगू मुलखातूनही या मळ्यांवर आली होती, तिच्या सासऱ्याच्या वेळेला. ती स्वतः याच डोंगरात जन्मली. भोवताली सगळे तमिळ बोलणारे. तेलुगू बोलायला नवरा होता तो वारल्यापासून घरात तिचा मुलगा सुब्बय्या तेवढा. अंबादास आणि ती दोघं दारातच इतकं भराभर बोलायला लागले की माझ्या गुडघ्यातून रक्त वाहतंय हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांची बोलीही सारखी नव्हती. एकाच्या शब्दाला दुसरा हसायचा. मग तिने मला आत घेतलं, हळद आणि कोमट तेल लावून गुडघा फडक्याने बांधला.

सुब्बय्या आणि त्याची बायको मळ्यातून ओले होऊन आले. दोघंही इतके वाळलेले की त्यांच्या वयाचा अंदाज येईना. त्यांनी आमच्यापुढे उकडलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि मिरची ठेवली, मोठे तुकडे आमच्याकडे, लहान स्वतःकडे. आम्ही आमच्या उरलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी काढली. नरसम्माने भाकरीचा तुकडा तोंडात धरून बराच वेळ भिजवला आणि म्हणाली, हे आमच्या सासूबाई सांगायच्या ते. जोन्न रोट्टे. ज्वारीची भाकरी. नाव तिला माहीत होतं, चव पहिल्यांदा बघत होती.

मग सुब्बय्याने सांगितलं ते अंबादास मला थोडं थोडं मराठीत सांगत होता. मळ्यावरच्या या माणसांपैकी कितीतरी जणांना ना या देशाने आपलं म्हटलं होतं ना त्या. दोन सरकारांचा करार झाला होता, काहींनी इथे राहायचं, काहींनी हिंदुस्थानात जायचं. सुब्बय्याने हिंदुस्थान मागितला होता. त्याचे कागद आले होते, थोड्या महिन्यांत निघायला हवं होतं. नरसम्माची मुलगी पलीकडच्या मळ्यावर होती, ती इथेच राहणार होती. म्हातारीने कुणाबरोबर राहायचं ते अजून ठरलं नव्हतं.

"म्हणजे हे लोक परत चाललेत," मी म्हटलं.

"परत कसे?" अंबादास म्हणाला. "आलेच न्हाईत कधी."

नरसम्मा मधेच काहीतरी बोलली. मी अंबादासला विचारलं,

"काय म्हणते?"

"विचारते, कसं हाय तिथं? तुम्ही तिथनंच आलायसा ना, तर सांगा म्हणते."

आणि अंबादास सांगायला लागला. मला सगळं कळत नव्हतं, पण पुरेसं कळत होतं. सोलापूर. आमच्या भागात सगळे तुमच्या-आमच्या भाषेचे. माग. माझ्या नायनांचे माग. दिवसरात्र चालतात. या, सगळे या, सुब्बय्याला मागावर बसवतो, घर बघून देतो. त्याने सायकलवरून चादर आणली, उलगडली आणि म्हातारीच्या खांद्यावर घातली. हे बघा, हे आम्ही करतो. सुब्बय्याची बायको चादरीचा काठ दोन बोटांत धरून बघत होती. तिला तेलुगू फारशी येत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावरचं मला वाचता येत होतं. ती मनाने निघाली होती.

 मी मराठीत म्हटलं, "अंबादास, काय करायलास बे? चार माग. निम्मं वर्ष बंद होते."

"आता सुरू हायत."

"पाऊस गेला तर? तुझ्या घरात सांगितलंयस? उन्हाळ्यात तुझं लग्न. ही तिघं तुझ्या शब्दावर उठून येतील."

"मग येऊ देत की. आपलीच माणसं हायत."

"दुष्काळी कामावर खडी फोडायला नेणार त्यांना? टँकरमागं पळवणार?"

"तू गप बस. तुझी न्हाईत ती."

असं तो मला कधी बोलला नव्हता. सगळे आमच्याकडे बघत होते. नरसम्माने विचारलं, कशावरून भांडता? अंबादास दाराबाहेर बघायला लागला. तिने मग माझ्याकडे तोंड वळवलं आणि थांबली. माझ्या तेलुगूत फक्त पाहुण्याने म्हणायचे शब्द होते. त्यात काय सांगणार? जे होते ते जोडले.

"अम्मा," मी म्हटलं, "अक्कड नीळ्ळु लेवु." तिथे पाणी नाही. "वान लेदु." पाऊस नाही. बोटांनी दोन वर्षं दाखवली. खडी फोडायची खूण केली. मान खाली घालून म्हटलं, "माग... थांबले होते. पुन्हा थांबतील." हे शेवटचं मी कुठल्या भाषेत म्हटलं ते मला आठवत नाही. पण तिला कळलं.

पत्र्यावर पावसाचा आवाज चालू होता. मागच्या बाजूला डोंगरातून येणारा ओढा वाहत होता, तिथूनच ती लोकं पाणी भरत. सुब्बय्या जमिनीकडे बघत बसला. मला वाटलं मी या घरातला दिवा फुंकून टाकला.

नरसम्मा हळूहळू बोलली, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून, तरी अर्धं अंबादासने तुटक आवाजात समजावलं तेव्हाच कळलं. ती म्हणाली, आजपर्यंत जो कोणी आला त्याने सांगितलं तिथे घर देतात, जमीन देतात, सगळं देतात. असलं गाव कुठे असतं? मला ते खोटंच वाटायचं. मेल्यावर जायचं ठिकाण सांगतात तसं. आज पहिल्यांदा कुणी सांगितलं की तिथे काय नाही. म्हणजे गाव आहे.

मग तिने मला विचारलं, "वेप चेट्टु?"

वेप म्हणजे कडुनिंब. तिची सासू शपथ घालायची ती कडुनिंबाची. त्या उंचीवर तो नसतो, तिने पाहिला नव्हता. आहे का तिथे?

"आहे," मी म्हटलं. "दारात आहे. आमच्या आणि याच्याही."

दुष्काळात?

मी अंबादासकडे बघितलं. त्यालाच सांगावं लागलं. "वाळत न्हाय ते," तो मराठीतच म्हणाला, आणि मग तिच्या भाषेत.

सकाळी निघताना तिने चादर घडी घालून परत केली नाही, पांघरूनच दारात उभी होती. कुणाबरोबर राहायचं ते तिने आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. अंबादासने सुब्बय्याला नायनांचं नाव आणि पूर्व भाग दोनदा पाठ करून घेतलं. मी ते थांबवलं नाही. ते लोक अजून तरी आलेले नाहीत. कुठे गेले, गेले की राहिले, काही कळलं नाही.

रामेश्वर

माझ्या वाकड्या चाकामुळे पुढचा प्रवास आगगाडीनेच झाला. त्यात सांगण्यासारखं एवढंच की अंबादास माझ्याशी बोलत नव्हता. "तिकीट", "उतर", "तुझी पिशवी", इतकंच. एकदा मी म्हटलं, "मी खोटं बोललो का?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खरं बोललास. पण माझ्या घराचं दार तू लावलंस. लावायचं असलं तर मी लावलं असतं." याच्यावर मी आजवर विचार करतो आहे. तो चुकला होता असं म्हणवत नाही, मी चुकलो असंही नाही.

परतीच्या बोटीवर आमच्यासारखे हौशी कुणी नव्हते. सगळा डेक मळ्यावरच्या कुटुंबांनी भरलेला. पेट्या, पितळी भांडी, गुंडाळलेल्या चटया, वरवंटेसुद्धा. किनारा दिसायला लागला तशी बायका रडायला लागल्या. मागच्या किनाऱ्याकडे तोंड करून रडत होत्या की पुढच्या, ते मला ओळखता आलं नाही.

रामेश्वरला उतरल्यावर एका मोठ्या शेडमध्ये रांगा लावल्या होत्या. आम्ही उन्हाने काळे पडलेलो, कपडे चिखलाने भरलेले, दाढ्या वाढलेल्या. आम्हाला कुणी काही विचारलंच नाही, मळेवाल्यांच्या रांगेत ढकललं. सायकली सांभाळत आम्हीही त्या रांगेतून सरकत राहिलो, आपली रांग वेगळी आहे हे लक्षात न येता. टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याने मान वर न करता तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मग इंग्रजीत, "हिंदुस्थानात कुठे जाणार?"

"सोलापूर," अंबादास म्हणाला.

"तिथे कोण आहे तुमचं?"

अंबादासला प्रश्न कळेना. "सगळेच हायत," तो म्हणाला. मग अधिकाऱ्याने वर बघितलं, आमचे पासपोर्ट बघितले, आणि हसून हाताने दुसरी रांग दाखवली. आम्ही सायकली वळवायला लागलो. आमच्यामागे एक म्हातारा होता, त्याची बायको त्याच्या सदऱ्याला धरून. त्यालाही तोच प्रश्न झाला. त्याला सांगायला नाव नव्हतं. तो अधिकाऱ्याकडे बघत राहिला, मग आमच्याकडे वळून बघितलं, आणि म्हणाला, "सोलापूर."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. मला विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत?"

डोंगरावर खरं सांगायची मला केवढी घाई झाली होती. इथे काही ठरवायच्या आत तोंडातून गेलं, "हो."

अंबादासने माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने म्हाताऱ्याच्या हातातलं कार्ड घेऊन वाचलं, मान हलवली. त्यांना मंडपमच्या छावणीत जायचं होतं, आणि तिथून निलगिरीत कुठल्याशा मळ्यावर. अधिकारी आम्हाला इंग्रजीत म्हणाला, तुमची चूक होते आहे, आणि म्हाताऱ्याला तमिळमध्ये काहीतरी सांगून पुढच्या रांगेकडे पाठवलं. म्हाताऱ्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. चालता चालता तो बायकोला शिकवत होता, एकेक अक्षर तोडून. तिने म्हणून बघितलं.

"चोलापूर."

"सोलापूर," त्याने दुरुस्त केलं.

अंबादासने आपली सायकल माझ्या हातात दिली.

"सांगून येतो," तो म्हणाला. मातले सोडल्यापासून हे त्याचं पहिलं सरळ बोलणं.

"काय सांगणार? तमिळ येतंय का तुला?"

"बघतो की. पण दुसऱ्या गावाचं नाव घेऊन जाऊ देत न्हाय त्याला."

तो माणसांच्या गर्दीतून, पेट्या ओलांडत, त्या दोघांच्या मागे गेला. त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, तिघं थांबले, आणि तो हातवारे करून काहीतरी समजावायला लागला. डोंगराचा आकार दाखवताना मला दिसला, मग चहाची पानं खुडायची खूण. म्हातारी त्याच्या हातांकडे लक्ष देऊन बघत होती. मी दोन सायकली दोन हातांत धरून, दोन रांगांच्या मधोमध उभा राहिलो, तो येईपर्यंत.